आधार काढू नका : दत्तक बालक आणि मद्यजन्य गर्भविकाराची शक्यता

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातील एका सायंकाळी एक दांपत्य आपल्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन चिकित्सालयात आले. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील येथे बदलले आहेत.) मुलगा बोलका, हसरा, कोणाशीही लगेच गट्टी करणारा. अडीच वर्षांचा असताना त्यांनी त्याला दत्तक घेतले होते. काल घडाघडा म्हटलेला पाढा आज त्याला आठवत नाही. तीन कामे सांगितली तर पहिले अर्धवट टाकून तो भलतीकडेच रमतो. मित्राची पेन्सिल दप्तरात सापडली तर ‘त्यानेच दिली’ असे शांतपणे सांगतो. शिक्षा केली की मनापासून रडतो, क्षमा मागतो आणि दुसऱ्या दिवशी तीच चूक पुन्हा करतो, अशी तक्रार होती.

“डॉक्टर, सगळे म्हणतात हा मुद्दाम करतो,” आई म्हणाली. “पण मुद्दाम करणाऱ्या मुलाचा चेहरा असा नसतो हो.”

मी नाडी पाहिली, जिव्हा पाहिली, कोष्ठाची चौकशी केली. सारस्वतारिष्ट लिहून दिले, जोडीला ब्राह्मी घृत दिले आणि ‘थोडी शिस्त वाढवा’ असा सल्लाही दिला. सहा महिने ते दांपत्य नेमाने येत राहिले. मुलाच्या वागण्यात फरक पडला नाही. आईवडिलांची दमणूक मात्र दर खेपेस अधिक दिसू लागली. त्या सहा महिन्यांत माझे काय चुकले आणि पुढे काय उमगले, ते वैद्यबंधूंपुढे व औषधालय चालविणाऱ्या सहकाऱ्यांपुढे मांडावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विकाराचे स्वरूप

अखेर एका विकास-बालरोगतज्ज्ञांकडे मुलाला पाठविले. त्यांनी सविस्तर चाचण्या घेतल्या आणि ‘फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर’, म्हणजेच एफ.ए.एस.डी.ची शक्यता वर्तविली. सोयीसाठी या लेखात आपण त्यास ‘मद्यजन्य गर्भविकार’ म्हणू.

फ्रान्समधील नॉन्त येथील वैद्यकतज्ज्ञ पॉल लेमोआन यांनी १९६८ साली मद्यपी मातापित्यांच्या १२७ अपत्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. अमेरिकेतील सिएटल येथील केनेथ जोन्स व डेव्हिड स्मिथ यांनी १९७३ साली ‘लॅन्सेट’मध्ये या लक्षणसमुच्चयाचे वर्णन करून त्यास स्वतंत्र नाव दिले. गर्भिणीने घेतलेले मद्य अपरेतून गर्भापर्यंत पोहोचते. गर्भाचे यकृत अपक्व असल्याने त्याचा निचरा मंद होतो, आणि घडत असलेल्या मेंदूच्या पेशींची वाढ, स्थलांतर व परस्परजोडणी यांवर त्याचा आघात होतो. हा आघात गर्भावस्थेच्या कोणत्याही मासात होऊ शकतो.

पुस्तकांतून आपण पाहिलेला चेहरा, म्हणजे आखूड नेत्रफटी, नाक व ओठ यांमधील सपाट झालेली खाच आणि पातळ वरचा ओठ, हा केवळ काही बालकांतच आढळतो. मुखाची ठेवण ठरण्याच्या सुरुवातीच्या थोड्या दिवसांत मद्य पोहोचले तरच ती चिन्हे उमटतात. बहुसंख्य बालकांचा चेहरा सर्वसामान्य असतो. बुद्ध्यंकही पुष्कळदा सामान्य मर्यादेत येतो. खरी उणीव असते ती स्मृती, अवधान, नियोजन, कार्यकारणभाव जोडणे आणि भावनेला आवर घालणे या व्यवहारांत. ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून लोक तिला हट्ट, आळस किंवा खोटेपणा म्हणतात.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यांनुसार सुमारे १० टक्के स्त्रिया गर्भावस्थेत मद्य घेतात आणि दर हजार बालकांमागे सुमारे ८ बालकांत हा विकार असावा. भारतात पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) १५ वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे १ टक्का मद्य घेतात. प्रमाण अल्प असले तरी आपल्या लोकसंख्येत तो आकडा लहान नव्हे. शिवाय ही सवय एखाद्या समाजाची वा प्रदेशाची मक्तेदारी नाही; मोहाची दारू पिणारीच तेवढी दोषी आणि शहरातील मेजवानीतला प्याला निर्दोष, असा भेद गर्भाचा मेंदू करीत नाही.

संहितेतील निर्देश

वैद्यवाचकांना येथे चरकसंहितेच्या शारीरस्थानातील जातिसूत्रीय अध्याय आठवला असेल. गर्भोपघातकर भावांच्या वर्णनात आचार्यांनी नित्य मद्य घेणाऱ्या गर्भिणीचे अपत्य तृषालु, अल्पस्मृती व अनवस्थितचित्त होते असे सांगितले आहे. यांतील शेवटची दोन पदे वाचताना त्या मुलाची आई माझ्यापुढे बसून पुन्हा तेच सांगत असल्याचा भास झाला.

मात्र याचा अर्थ ‘आमच्याकडे सर्व आधीच होते’ असा घेऊन थांबणे योग्य नाही. त्याच सूचीतील अनेक विधाने आजच्या परीक्षणाने पुष्ट झालेली नाहीत. आणि जे सूत्र आपण विद्यार्थिदशेत मुखोद्गत केले, ते समोर बालक असताना मला सहा महिने आठवले नाही. मी त्या आईला मुलाच्या जन्मापूर्वीचा एकही प्रश्न विचारला नव्हता.

दत्तक बालकात ‘शक्यता’ हाच शब्द

प्रश्न विचारला असता तरी उत्तर सोपे नव्हते. संस्थेकडून मिळालेल्या कागदपत्रांत जन्मवेळचे कमी वजन नोंदविले होते आणि जन्मदात्रीविषयी ‘व्यसन’ एवढाच शब्द होता. व्यसन मद्याचे, तंबाखूचे की मिश्रीचे, हे लिहिलेले नव्हते. ते आता कधीही कळणार नाही.

दत्तक पालकांची खरी अडचण हीच आहे. चेहऱ्याची तिन्ही चिन्हे व मेंदूच्या कार्यातील उणिवा स्पष्ट असतील तर मातेचा इतिहास नसतानाही निदान करता येते. अन्यथा गर्भावस्थेत मद्य घेतल्याची खात्रीशीर माहिती लागते. बहुसंख्य दत्तक बालकांच्या बाबतीत ती माहिती नसते. त्यामुळे पालकांना आयुष्यभर ‘शक्यता’ या शब्दासोबत राहावे लागते.

या विकाराकडे दुर्लक्ष किती होते, हे एका अमेरिकी अभ्यासावरून दिसते. मानसिक आरोग्यकेंद्राकडे पाठविलेल्या ५४७ दत्तक व पालनगृहातील बालकांची तपासणी करून २०१५ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांपैकी १५६ बालकांत हा विकार आढळला, आणि त्यांतील १२५ जणांचे, म्हणजे ८० टक्क्यांचे, निदान तोवर कोणीच केलेले नव्हते.

याच्या उलट चूकही घडू नये. प्रत्येक चंचल दत्तक मुलावर हा शिक्का मारणे अन्यायाचे होईल. अकालप्रसव, कुपोषण, पांडुता, थायरॉइडची न्यूनता, श्रवणदोष, शिशाची बाधा, अवधानदोष आणि संस्थेत घालविलेला दीर्घ काळ या सर्वांनी असेच चित्र दिसू शकते. यांतील काही कारणे पूर्ण बरी होणारी आहेत. म्हणून ती आधी शोधली पाहिजेत. आणि जन्मदात्रीवर दोष ठेवणे तर सर्वथा टाळावे. अनेकींना गर्भ राहिल्याचे कळण्यापूर्वीच मद्य घेतले गेलेले असते. दारिद्र्य, मारहाण, एकाकीपणा यांची कहाणी त्यामागे असते. शिवाय मूल मोठे झाल्यावर त्या स्त्रीविषयी आपण काय बोललो होतो, ते त्याला कळतेच.

एका पित्याची साक्ष

या विषयावरील पालकाचे सर्वांत गाजलेले लेखन अमेरिकेतील आहे. डार्टमथ महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या मायकेल डॉरिस यांनी १९७१ साली सू जमातीतील तीन वर्षांचा मुलगा एकट्याने दत्तक घेतला. मुलाची जन्मदात्री मद्यासक्त होती, हे त्यांना ठाऊक होते. परंतु चांगले घर, सकस अन्न, उत्तम शाळा व प्रेम मिळाले की मूल इतरांच्या बरोबरीला येईल, अशी त्यांची श्रद्धा होती. अनेक वर्षे ते मुलाकडून अधिकाधिक सराव करवून घेत राहिले. पुढे दक्षिण डाकोटातील एका केंद्रास भेट दिली असता आपल्या मुलासारखीच दिसणारी व वागणारी मुले त्यांना तेथे भेटली, आणि कोड्याचा उलगडा झाला. ‘द ब्रोकन कॉर्ड’ हे त्यांचे पुस्तक १९८९ साली प्रसिद्ध झाले आणि त्याने अमेरिकेत या विकाराविषयी मोठी जागृती केली. तो मुलगा १९९१ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मोटारीच्या धडकेने मृत्यू पावला.

गर्भिणींबाबत कठोर उपायांचा पुरस्कार करणारी त्या पुस्तकातील मते वादग्रस्त ठरली, आणि डॉरिस यांच्या कौटुंबिक वर्तनाविषयीही पुढे गंभीर आरोप झाले. त्यामुळे आदर्श पालक म्हणून त्यांच्याकडे पाहता येत नाही. तथापि, प्रेम व परिश्रम यांनी मेंदूची इजा भरून निघेल, ही समजूत पित्याला व मुलालाही किती वर्षे थकवू शकते, याची ती साक्ष आहे. माझ्या ‘शिस्त वाढवा’ या सल्ल्यामागे तीच समजूत होती.

याप्य व्याधी आणि घराचा खांब

साध्यासाध्यतेच्या विचारात हा विकार कोठे बसतो? झालेली इजा नाहीशी करणारे औषध आज कोणत्याही वैद्यकात नाही. म्हणून तो साध्य नव्हे. पण असाध्य म्हणून सोडून द्यावा असाही तो नाही. सुश्रुताचार्यांनी याप्य व्याधीला पडू पाहणाऱ्या घराची उपमा दिली आहे: नीट लावलेला खांब त्याला उभे ठेवतो. येथे खांब म्हणजे मुलाभोवतीचे घर व दिनक्रम.

सिएटलच्या अ‍ॅन स्ट्राइसगुथ यांनी १९९६ साली या विकाराच्या ४१५ व्यक्तींचा अभ्यास मांडला. ९० टक्क्यांहून अधिक जणांना मानसिक आरोग्याच्या तक्रारी होत्या. शाळा सुटणे, कायद्याच्या कचाट्यात सापडणे असे प्रसंगही पुष्कळांवर आले होते. परंतु ज्यांना स्थिर व मायेचे घर लाभले, हिंसेचा अनुभव आला नाही आणि वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी निदान झाले, त्यांच्या वाट्याला ही संकटे कमी आली. म्हणजे दत्तक पालक जे देऊ शकतात, तेच या विकारातील सर्वांत बलवान पथ्य आहे.

हे पथ्य घरात कसे उतरते?

सूचना एका वेळी एकच द्यावी, थोड्या शब्दांत द्यावी आणि उत्तरासाठी थांबावे. ‘आवरून ये’ म्हणण्याऐवजी ‘दात घास’ म्हणावे. ते झाल्यावर पुढचे सांगावे.

दिनक्रम रोज तोच असावा. सकाळच्या कामांची चित्रे न्हाणीघराच्या दारावर क्रमाने लावावीत. दप्तर, चपला, पाण्याची बाटली यांच्या जागा ठरलेल्या असाव्यात. जे मूल मनात साठवू शकत नाही, ते भिंतीवर साठवावे.

शिक्षेवर विसंबू नये. कालची चूक व आजची शिक्षा यांचा सांधा या मुलाला जोडता येत नाही. त्याला फक्त आईवडील रागावल्याचे कळते. चूक घडण्याची जागा आधीच बदलणे अधिक उपयोगी असते.

खोटे बोलण्याचा अर्थ तपासावा. स्मृतीत पडलेली पोकळी ते मूल सुचेल त्या गोष्टीने भरते. ‘का केलेस?’ असे विचारले की नवी कथा तयार होते. तो प्रश्न सोडून ‘ही पेन्सिल परत देऊ या’ म्हणणे बरे.

वयाची अपेक्षा कमी करावी. दहा वर्षांचे मूल समजुतीने पाच-सहा वर्षांचे असू शकते. रस्ता, पाणी, पैसा आणि अनोळखी माणसे यांबाबत तेवढ्या लहान मुलाइतकीच देखरेख ठेवावी. चटकन विश्वास टाकणाऱ्या या मुलांचा गैरफायदा घेतला जाण्याचा धोका मोठा असतो.

गोंगाट, गर्दी, कपड्यांची टोचणारी शिवण यांचा त्रास पुष्कळांना असतो. त्यांची चिडचिड पुष्कळदा तेथूनच सुरू होते. आणि पोहणे, चित्र, प्राणी, स्वयंपाक, अशी जी आवड असेल ती शिक्षा म्हणून कधीही बंद करू नये. तेथेच त्या मुलाला यश मिळते.

माझ्याकडील दांपत्याने हे सर्व चिकाटीने केले. तीन-चार महिन्यांत घरातील आरडाओरड थांबली. मुलगा स्वतः चित्रे पाहून तयार होऊ लागला. वर्षभराने आजी म्हणाल्या, “आता तो शहाणा झालाय, ती चित्रं काढा, पाहुणे हसतात.” चित्रे काढली. महिन्याच्या आत सकाळ पुन्हा रडण्यात जाऊ लागली आणि शाळेतून चिठ्ठ्या येऊ लागल्या. घर सावरले म्हणून खांब काढला होता. चित्रे पुन्हा लागली, ती आजही आहेत. तो मुलगा आता मिसरूड फुटण्याच्या वयाचा आहे; चित्रांच्या जागी लिहिलेली यादी आली, एवढाच बदल.

निदान ‘शक्यता’ या पायरीवरच राहिले तरी यांतील काहीही अडत नाही, ही या पथ्याची विशेष बाब आहे. कारण निराळे निघाले तरी या दिनक्रमाने कोणत्याही मुलाचे नुकसान होत नाही.

वैद्याचे कर्तव्य

पहिले कर्तव्य ओळखण्याचे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली पालघर येथून झाला. अंगणवाड्या व शाळांत तपासणी करणाऱ्या त्याच्या फिरत्या पथकांत आयुष वैद्यांचाच समावेश असतो. याचा अर्थ, अनेक बालकांना प्रथम पाहणारा डॉक्टर आपल्यापैकीच असतो. शंका आल्यास जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र किंवा विकास-बालरोगतज्ज्ञ यांच्याकडे पाठवावे; श्रवण, दृष्टी, रक्त, थायरॉइड यांची तपासणी करून घ्यावी. अध्ययन-अक्षमतेचे प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळतात, हे पालकांना सांगावे. दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांना बालकाचा वैद्यकीय अहवाल संमतीपूर्वी आपल्या पसंतीच्या डॉक्टरांना दाखविता येतो. असा अहवाल आपल्यापुढे आला तर जन्मवजन, शिरोपरिघ व मातेचा इतिहास यांकडे लक्ष द्यावे, पण भीती घालू नये.

दुसरे कर्तव्य मर्यादा सांगण्याचे. निद्रेची वेळ, मलावरोध, कृमी, पांडुता, आहाराचे नियमन यांत आपण निश्चित साहाय्य करू शकतो. स्पर्श सहन होत असेल तर झोपण्यापूर्वीचा अभ्यंग अनेक मुलांना शांत करतो. मेध्य औषधे अथवा सुवर्णप्राशन यांनी ही इजा भरून निघते, याला मात्र प्रमाण नाही. तसे आश्वासन देऊ नये. चालू असलेली आधुनिक औषधे परस्पर बंद करू नयेत. बालकांत रसौषधींचा दीर्घकाळ वापर टाळावा.

तिसरे कर्तव्य आईवडिलांकडे पाहण्याचे. ‘रक्ताचे नाही म्हणून असे’ हे वाक्य त्यांनी नातेवाइकांकडून ऐकलेले असते. ‘यात तुमचे संगोपन चुकलेले नाही’ एवढे वैद्याने सांगितले, तरी त्यांच्या मनावरचा भार हलका होतो.

औषधालयातील एक विचार

आता शेवटची व माझ्या दृष्टीने सर्वांत खटकणारी बाब. मद्याने इजा झाल्याचा संशय असलेल्या त्या बालकाला मी सहा महिने जे दिले, ते अरिष्ट होते. आसव-अरिष्टांत संधानाने उत्पन्न झालेला मद्यार्क साधारणतः ५ ते १० टक्के असतो. ८ टक्के धरले, तर २० मि.लि.च्या दोन मात्रांतून प्रौढ व्यक्तीच्या पोटात दिवसाला सुमारे ३.२ मि.लि. मद्यार्क जातो, ५ टक्क्यांच्या ६५० मि.लि. बिअरमधील मद्यार्काचा हा साधारण दहावा भाग.

हे प्रमाण अल्प आहे, आणि एखाद्या गर्भिणीने अजाणता काही मात्रा घेतल्या असतील तर तिला घाबरविण्याचे कारण नाही. परंतु गर्भावस्थेत मद्याची कोणतीही मात्रा सुरक्षित मानू नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली स्पष्ट केले आहे. आपल्यापाशी क्वाथ, चूर्ण, घृत, अवलेह असे पर्याय असताना गर्भिणीला अरिष्ट देण्याचा आग्रह कशासाठी? बालकांनाही ‘शक्तीसाठी’, ‘स्मरणशक्तीसाठी’ म्हणून वैद्याच्या पत्राशिवाय अशी बाटली दिली जाते. औषधालयाच्या चालकांनी दोन गोष्टी केल्या तरी पुरे: अरिष्ट मागणाऱ्या स्त्रीला ‘गर्भ आहे का?’ असे सौम्यपणे विचारावे. आणि बालकासाठी मागणी आल्यास वैद्याकडे पाठवावे. एका बाटलीची विक्री त्यामुळे कमी होईल, याची मला जाणीव आहे.

तसेच गर्भिणी-परिचर्येच्या पहिल्याच भेटीत, आहारविहाराच्या प्रश्नांबरोबर, मद्याविषयीचा प्रश्न प्रत्येकीला विचारावा. स्वरात दोषारोप नसावा; तो असला तर खरे उत्तर मिळत नाही. उत्तर होकारार्थी आले तर ‘आजपासून थांबलात तरी बाळाला लाभ आहे’ असे सांगावे. मात्र रोज भरपूर घेणारी स्त्री असेल, तर एकदम थांबविणे धोक्याचे असते. तिला रुग्णालयाच्या देखरेखीखाली पाठवावे.

जातिसूत्रीय अध्यायातील ते सूत्र आपण पुष्कळ वेळा शिकविले आहे. पुढच्या वेळी एखादी आई आपल्या दत्तक मुलाला घेऊन येईल आणि ‘हा मुद्दाम करत नाही’ असे सांगेल, तेव्हा लेखणी उचलण्यापूर्वी तिचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, ही सर्व वैद्यबंधुभगिनींना नम्र विनंती.